घरी शिकणाऱ्या मुलाची बारावी एक वर्ष पुढे ढकलावी का?

गोकर्ण_निळी (टेक्सस)

नमस्कार. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमचा मुलगा येत्या सप्टेंबरमध्ये १८ वर्षांचा होईल. त्याला डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातील अडचण) आणि डिस्कॅल्क्युलिया (आकड्यांची अडचण) दोन्ही आहेत. निदान तिसरीत झाले आणि सहावीपासून तो घरीच शिकतो आहे. कागदोपत्री तो यंदा बारावीला आहे, म्हणजे मे महिन्यात त्याचे हायस्कूल संपायला हवे. इतिहास आणि जीवशास्त्र तो ऐकून शिकतो आणि त्या विषयांत तो त्याच्या वयाच्या मुलांच्या बरोबरीने आहे. लेखन मात्र नववीच्या आसपास आहे, आणि गणित गेली दोन वर्षे सातवी-आठवीच्या उंबरठ्यावर अडून बसले आहे.

गेल्या रविवारचा प्रसंग सांगते, म्हणजे नेमकी अडचण कळेल. गॅरेजमध्ये फळी बसवायची होती. त्याने टेपने २७ पूर्णांक ५/८ इंच मोजले, पेन्सिलीने खूण केली आणि फळी अचूक कापली. मधला ब्रॅकेट लावायचा म्हणून मी त्याला "याच्या निम्मे किती?" असे विचारले. त्याने टेप खाली ठेवली, थोडा वेळ फळीकडे पाहिले, मग भेटवस्तूंना गुंडाळायच्या कागदाची तेवढ्याच लांबीची पट्टी कापली, तिची घडी घातली आणि मध्य बरोबर काढून दिला. निम्मे किती ते आकड्यात त्याला अखेरपर्यंत सांगता आले नाही. याला गणित येते म्हणावे की येत नाही, हे मलाच कळेनासे झाले आहे.

टेक्ससमध्ये घरची शाळा खाजगी शाळाच मानली जाते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये लीपर खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यामुळे हायस्कूल कधी पूर्ण झाले हे ठरवायचे आम्हीच आणि डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, द्यायचाही आम्हीच. हे स्वातंत्र्य आजवर फार सोयीचे वाटत आले, आता त्याचेच ओझे झाले आहे. यजमानांचे मत आहे की मे महिन्यात मोकळे करावे, पुढचे पुढे पाहता येईल. मला वाटते की आणखी एक वर्ष, कदाचित दोन, त्याला मिळायला हवीत. सासूबाई दर शनिवारी फोनवर निकाल कधी आहे ते विचारतात. त्यांना निकाल लावणारी मीच आहे हे अजून सांगितलेले नाही. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे किंवा घेणे टाळले आहे, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

*

मध्यमपदलोपी (पेनसिल्व्हेनिया)

आम्ही मुलीचे हायस्कूल दोन वर्षांनी लांबवले, म्हणून लिहितो. पहिले वाढीव वर्ष उत्तम गेले, कारण त्या वर्षी काय करायचे ते ठरलेले होते: निबंधलेखन आणि एका प्राणिसंग्रहालयातील स्वयंसेवा. दुसऱ्या वर्षाबाबत आम्ही "अजून थोडी तयारी होऊ दे" एवढेच म्हणत राहिलो. परिणामी बीजगणिताचे तेच पुस्तक तिच्यापुढे तिसऱ्यांदा आले. नोव्हेंबरात एके दिवशी तिने ते पुस्तक शांतपणे उचलून फ्रीजच्या मागे टाकले. आम्हाला ते फेब्रुवारीत सापडले, आणि या तीन महिन्यांत त्याच्यावाचून कोणाचेच काही अडले नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आले.

आमच्या राज्यात तुमच्याएवढी मोकळीक नाही. हायस्कूल पूर्ण करण्यासाठी चार वर्षे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रे प्रत्येकी तीन वर्षे, आणि कला व मानव्यविद्या दोन वर्षे असे कायद्यातच लिहिलेले आहे, शिवाय दरवर्षी पोर्टफोलिओ, म्हणजे वर्षभराच्या कामाची फाइल, तपासून घ्यावा लागतो. तरीही माझे सांगणे तुमच्या घरालाही लागू पडेल. वाढीव वर्षात पूर्वीपेक्षा वेगळे काय घडणार आहे, हे एका पानावर लिहिता येत असेल तर ते वर्ष घ्यावे. पान कोरे राहत असेल तर यजमानांचे ऐकावे.

*

सातपुडा (सिएटल)

थोडे विरोधी मत मांडतो, राग मानू नये. १९ वर्षांचा मुलगा "मी अजून हायस्कूलमध्ये आहे" असे चारचौघांत सांगतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल याचा विचार झाला पाहिजे. त्याच्या को-ऑपमधील, म्हणजे घरी शिकणाऱ्या मुलांच्या गटातील, मित्र मे महिन्यात टोपी-झगा घालून मंचावर जातील आणि ऑगस्टमध्ये गावातून निघून जातील. त्यानंतर हा घरात एकटा उरेल. ज्या गणितात तो दोन वर्षे अडला आहे, ते तिसऱ्या वर्षी सुटेल असे मानण्यास आधार काय? धाग्यात मुलाचे स्वतःचे मत कोठेही दिसले नाही, हेही नोंदवतो.

*

गोकर्ण_निळी

शेवटचे वाक्य टोचले, पण ते बरोबर आहे. त्याला विचारून लिहिते.

*

पाटीपेन्सिल (न्यू जर्सी)

मी सरकारी शाळेत स्पेशल एज्युकेशनची शिक्षिका आहे. भावनिक बाजू इतरांनी मांडली आहे. मी कायद्याची आणि कागदपत्रांची बाजू सांगते.

पहिली गोष्ट डिप्लोमाची. आयडिया या केंद्रीय कायद्यान्वये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी शाळेतील विनामूल्य विशेष शिक्षण १८ व्या वर्षी संपत नाही. बहुतेक राज्यांत ते २१ व्या वर्षापर्यंत किंवा २२ व्या वाढदिवसापर्यंत मिळते. मिशिगनमध्ये ही मर्यादा २६ आहे. मात्र सरकारी शाळेचा नियमित डिप्लोमा हाती पडला की वय काहीही असले तरी तो हक्क संपतो. म्हणून सरकारी शाळांतील अनेक पालक सगळे क्रेडिट पूर्ण झाल्यावरही डिप्लोमा स्वीकारणे लांबवतात आणि मधल्या काळात नोकरीची तयारी, बसने एकट्याने प्रवास, पैशांचे व्यवहार अशा गोष्टी शाळेकडून शिकवून घेतात. घरी शिकणाऱ्या मुलांना या सेवा आपोआप मिळत नाहीत, कारण तुमच्या राज्यात ती खाजगी शाळेतील मुले धरली जातात आणि खाजगी शाळेतील मुलाला वैयक्तिक हक्क नसतो. त्यासाठी सरकारी शाळेत नाव घालावे लागते. तसे केल्यास घरी मिळवलेले क्रेडिट किती मानायचे हे डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्थानिक सरकारी शाळांचा कारभार पाहणारी संस्था, ठरवते, प्रसंगी परीक्षा घेऊन ठरवते, आणि १८ वर्षांच्या मुलाला नववी-दहावीच्या वर्गात बसवण्याची वेळ येऊ शकते. हा मार्ग सुचवत नाही, फक्त तो उपलब्ध आहे हे माहीत असावे.

दुसरी गोष्ट मूल्यमापनाची, आणि माझ्या मते ती डिप्लोमाच्या तारखेपेक्षा महत्त्वाची आहे. निदान तिसरीत झाले असे तुम्ही लिहिले आहे. त्यानंतर पुन्हा चाचण्या झाल्या का? नऊ-दहा वर्षांपूर्वीच्या अहवालावर कॉलेजचे अपंगत्व-सेवा कार्यालय सवलती देण्याची शक्यता कमीच. जोवर मुलगा हायस्कूलचा विद्यार्थी आहे, तोवर तुम्ही राहत्या डिस्ट्रिक्टकडे मूल्यमापनाची लेखी मागणी करू शकता. अक्षमतेची शंका असलेली मुले शोधून त्यांची विनामूल्य तपासणी करणे हे डिस्ट्रिक्टचे कर्तव्य आहे आणि त्यात खाजगी व घरच्या शाळांतील मुलेही येतात. डिप्लोमा दिल्यानंतर हेच काम खाजगी मानसशास्त्रज्ञाकडून, खिशाला चांगलीच झळ देऊन, करून घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट ट्रान्स्क्रिप्टची, म्हणजे हायस्कूलच्या विषयांच्या आणि गुणांच्या नोंदपत्रकाची. पाच वर्षे लागली म्हणून ती वर्षवार मांडलीच पाहिजे असे नाही. विषयवार मांडणी सर्रास चालते आणि त्यात कोणत्या वर्षी काय झाले हा प्रश्नच उरत नाही. मात्र विषयाचे नाव प्रामाणिक असावे. जो अभ्यास व्यावहारिक गणिताचा झाला त्याला "बीजगणित २" म्हणू नये, कारण कॉलेजच्या पहिल्याच चाचणीत ते उघडे पडते आणि अपमान मुलाच्या वाट्याला येतो.

ज्यांची मुले अजून १३-१४ वर्षांची आहेत त्यांच्यासाठी जाता जाता: वर्ष वाढवायचे असेल तर आठवीत वाढवा. नववी सुरू झाली की घड्याळ सुरू होते. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या क्रीडास्पर्धांची संघटना, मुख्य विषय पूर्ण करण्याची मुदत नववीच्या सुरुवातीपासूनच मोजते. दोन वर्षांची आठवी कोणाच्या लक्षातही येत नाही, दोन वर्षांची बारावी मात्र सगळ्यांच्या लक्षात येते.

*

कोयनाकाठ (पुणे)

तुमच्याकडे डिप्लोमा पालक देतात हे वाचून गंमत वाटली. आमची मुलगीही आठवीनंतर शाळा सोडून घरी शिकली, पण इकडे दहावीसाठी कोणत्यातरी मंडळाची परीक्षा द्यावीच लागते. आम्ही एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, निवडली. तेथे नोंदणी पाच वर्षे चालते, त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दहावीला गणित घेण्याची सक्तीही नाही. मुलीने पहिल्या खेपेस फक्त चित्रकला आणि गृहविज्ञान दिले, पुढच्या खेपेस मराठी, असे करत साडेतीन वर्षांत पाच विषय पूर्ण केले. दहावी झाली तेव्हा ती १८ वर्षांची होती.

यातून तुम्हाला उपयोगी पडेल असे एकच सांगतो. आमच्याकडे "दहावी पुढे ढकलली" असे कधी झालेच नाही, कारण दर सहा महिन्यांनी काहीतरी पूर्ण होत होते. नातेवाइकांनी विचारले की मुलगी स्वतःच सांगे, "माझे तीन झाले, दोन राहिले." तुमचे हायस्कूल लांबले तरी मुलाला असे काही मोजून सांगता येईल, अशी वर्षाची आखणी करता आली तर पाहावी.

*

खारीचा_वाटा (कॅलिफोर्निया)

एक रोखठोक प्रश्न विचारतो, उत्तर द्यावेसे वाटले नाही तर देऊ नका. मुलगा अमेरिकी नागरिक आहे, की तुमच्या व्हिसावर अवलंबून आहे?

*

गोकर्ण_निळी

विचारायला हरकत नाही. त्याचा जन्म नाशिकचा. तो एच-४ वर, म्हणजे आमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, आहे आणि आमच्या ग्रीन कार्डची रांग तुम्ही जाणताच.

*

खारीचा_वाटा

मग हा धागा निम्मा शिक्षणाचा आणि निम्मा इमिग्रेशनचा आहे. माझ्या थोरल्या मुलीच्या बाबतीत हे आम्हाला उशिरा उमगले, म्हणून सविस्तर लिहितो.

एच-४ चा दर्जा २१ व्या वाढदिवशी संपतो. तुमच्या मुलाचा तो दिवस आजपासून सुमारे साडेतीन वर्षांवर आहे. त्याआधी ग्रीन कार्डचा मार्ग मोकळा झाला नाही, तर येथे राहून शिकण्यासाठी त्याला बहुधा एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, आणि तो घरच्या शाळेच्या जोरावर मिळत नाही. मान्यताप्राप्त कॉलेजचा प्रवेश लागतो. आतापर्यंत आपण सगळे असे बोलत आहोत की हायस्कूल जितके लांबेल तितका त्याला सवडीने शिकायला वेळ मिळेल. एच-४ च्या मुलाबाबत हिशेब उलटा आहे. एच-४ वर असताना तो कॉलेजमध्ये सत्राला एक विषय घेऊ शकतो, दोन घेऊ शकतो, एखादे सत्र सोडूही शकतो, व्हिसाच्या दृष्टीने कोणी विचारत नाही. एफ-१ वर गेल्यावर पदवीपूर्व विद्यार्थ्याला सत्राला साधारण १२ क्रेडिटचा पूर्ण भार घ्यावाच लागतो. वैद्यकीय कारणासाठी कमी भार मंजूर होतो, पण त्या शैक्षणिक पातळीवर एकूण १२ महिन्यांपुरताच. याचा अर्थ सावकाश शिकण्याची कायदेशीर मुभा त्याच्याकडे २१ व्या वर्षापर्यंतच आहे. ही साडेतीन वर्षे घरच्या बारावीत खर्चली, तर कॉलेजची सगळ्यात अवघड पहिली दोन वर्षे त्याला पूर्ण भाराने काढावी लागतील, आणि त्याच्यासारख्या मुलाला नेमके तेच झेपणार नाही.

शिवाय एच-४ वर त्याला पगारी काम करता येत नाही, त्यामुळे "एक-दोन वर्षे नोकरी करून मग कॉलेज" हा इथल्या मुलांचा नेहमीचा रस्ताही बंद आहे. तुमच्या कागदपत्रांचे बारकावे वकिलाला दाखवा. फक्त प्रश्न विचारताना "डिप्लोमा कधी द्यावा" एवढाच न विचारता "२१ व्या वाढदिवशी तो कॉलेजात कोठे असायला हवा" असा विचारा.

*

मध्यमपदलोपी

हे वाचून माझा वरचा सल्ला अपुरा होता हे मान्य करतो. माझी मुलगी येथेच जन्मलेली असल्याने ही बाजू डोक्यातही आली नव्हती.

*

दुपारची_उसळ (ह्यूस्टन)

टेक्ससपुरती भर घालते. दोन टोकांतले एकच निवडायला हवे असे नाही. येथील अनेक कम्युनिटी कॉलेजांत घरी शिकणारी मुले हायस्कूलमध्ये असतानाच ड्युअल क्रेडिटचे विषय घेतात. बारावी एक वर्ष चालू ठेवावी आणि ऑगस्टपासून त्याला कॉलेजचा एकच विषय घेऊ द्यावा, तोही त्याच्या आवडीचा. त्या विषयाचे क्रेडिट दोन्हीकडे धरले जाते. धोका एवढाच की कॉलेजचे गुण कायमचे नोंदले जातात, म्हणून पहिला विषय इतिहासासारखा, जो तो ऐकून शिकू शकतो असा, निवडावा.

गणिताबद्दल: कॉलेजपातळीच्या विषयांसाठी राज्याची टीएसआय नावाची तयारी-चाचणी असते आणि बरीच मुले तिच्या गणिताच्या भागावर अडकतात. पण ४२ किंवा त्याहून कमी क्रेडिटच्या पहिल्या स्तराच्या सर्टिफिकेट अभ्यासक्रमांना त्या चाचणीची अट नाही. वेल्डिंग, सुतारकाम, वातानुकूलन अशा विषयांची सर्टिफिकेटे पाहा. ज्या मुलाला घडी घालून मध्य काढणे सुचते, त्याला अशा वर्गात जागा मिळायला हवी, असे आपले मला वाटते.

*

सातपुडा

ही तडजोड मला पटते. कॉलेजचे ओळखपत्र गळ्यात असले की "अजून हायस्कूलमध्ये" हे वाक्यही बदलते.

*

गोकर्ण_निळी

चार दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व. मुलाशी दोनदा बोलले. पहिल्यांदा त्याने खांदे उडवले. दुसऱ्यांदा गाडीत, त्याच्या बाजूच्या सीटवर बसून, त्याच्याकडे न पाहता विचारले, तेव्हा बोलला. त्याचे म्हणणे मराठीत सांगायचे तर असे: "एक वर्ष अजून चालेल, पण ते गणिताचे वर्ष नको. आणि समारंभाला मी या वर्षी मित्रांबरोबर जाणार, डिप्लोमाचा कागद नंतर दिलात तरी चालेल." समारंभ आणि डिप्लोमा वेगळे करता येतात हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आले नव्हते. को-ऑपच्या संयोजकांना विचारले. त्यांची हरकत नाही.

यजमान आणि मी मिळून असे ठरवले आहे. मे महिन्यात तो मंचावर जाईल. ट्रान्स्क्रिप्ट पुढच्या मेपर्यंत उघडी राहील, त्याहून पुढे नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजचा अमेरिकी इतिहासाचा विषय, जानेवारीत बांधकामाच्या सर्टिफिकेटमधला एक विषय. घरी गणित राहील, पण ते मापांचे, पगाराच्या पावतीचे आणि कर्जाच्या हप्त्याचे. कॅल्क्युलेटर हातात देऊन. ट्रान्स्क्रिप्टवर त्याचे नाव "व्यावहारिक गणित" असेच राहील. वकिलांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे. डिस्ट्रिक्टकडे मूल्यमापनाची लेखी मागणी कालच ईमेलने पाठवली.

पाटीपेन्सिलताई, एक शंका आहे. कॉलेजमध्ये सवलती मागण्यासाठी त्याच्याबरोबर मी जाऊ शकते का?

*

पाटीपेन्सिल

बरोबर जाऊ शकता, पण मागणी त्यानेच करायची असते. हायस्कूलपर्यंत शाळा मुलाला शोधत येते. कॉलेजात विद्यार्थ्याने स्वतः कार्यालयात जाऊन सांगावे लागते, आणि त्याने सांगितले नाही तर कोणीही विचारणार नाही. कॉलेजात नाव घातल्यापासून शैक्षणिक नोंदींवरचे हक्कही वय न पाहता त्याच्याकडे जातात, त्यामुळे प्राध्यापक तुमच्या ईमेलला बहुधा उत्तर देणार नाहीत. हे त्याला आधी सांगा आणि या उन्हाळ्यातच त्याची सवय लावा. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी तीन वाक्ये बसवून घेते: मला काय आहे, त्यामुळे वर्गात काय अडते, आणि मला काय लागते. तो ऐकून शिकतो म्हणालात ना, मग ती त्याच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.

मूल्यमापनाचा अहवाल आला की सहीचा आणि गुणांच्या तक्त्यांसह पूर्ण अहवाल मागा. नुसते सारांशाचे पत्र घेऊ नका. त्याच्या दोन प्रती काढा आणि एक त्याच्या स्वतःच्या फायलीत, त्याच्याच हाताने लावून घ्या.